एलएस मारलं की टर्मिनल अडकतं: दर वेळी परतणाऱ्या दुखण्याचा माग

लक्षण ओळखीचं आहे. सर्व्हरवर लॉगिन केलं, लॉगच्या नाहीतर अपलोडच्या डिरेक्टरीत शिरलो, हाताला सवय आहे म्हणून एलएस ही फायलींची यादी दाखवणारी कमांड मारली, आणि कर्सर नुसता लुकलुकतोय. बऱ्याच वेळाने यादी येते. लगेच पुन्हा तीच कमांड दिली तर निमिषात उत्तर. मग माणूस ‘नेटवर्क असेल’ म्हणून सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘फायली फार झाल्यात, कमी करा’. कधीकधी तो खराही असतो. पण पन्नास फायलींच्या डिरेक्टरीत एलएस अडकू शकतं आणि दोन लाख फायलींची नावं एखाद-दुसऱ्या सेकंदात मिळू शकतात. आपण एलएसला नकळत काय काय विचारतोय, तिथून शोध सुरू केला तर बहुतेक वेळा मूळ सापडतं.

पुढचं सगळं लिनक्सवरच्या ग्नू कोअरयुटिल्स या मूळ कमांडच्या संचातल्या एलएसबद्दल आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायच्या.

नावं स्वस्त, तपशील महाग

डिरेक्टरीतली नावं मिळवायला एलएस गेटडेंट्स६४ हा सिस्टिम कॉल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे (कर्नलकडे) केलेली मागणी, वापरतं. एका कॉलमध्ये साधारण ३२ किलोबाइटचा गठ्ठा येतो, म्हणजे शेकड्यांनी नावं एकदम. बहुतेक फाइलसिस्टिम नावासोबत ‘ही साधी फाइल, ही डिरेक्टरी, ही सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी)’ एवढी जुजबी माहितीही देऊन टाकतात. पण आकार, मालक, परवानग्या, बदलाची वेळ हे पाहिजे असेल तर प्रत्येक फाइलसाठी वेगळा स्टॅट कॉल लागतो. शाळेचा हजेरीपट वाचणं वेगळं आणि पटावरच्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन उंची-वजन लिहून आणणं वेगळं.

हिशेब करून बघा. नेटवर्कवरच्या डिस्ककडे एक फेरी १ मिलिसेकंदाची धरली, तर ५०,००० फायलींचे एकेक स्टॅट ५० सेकंद खातात. फिरत्या हार्ड डिस्कवर आयनोड, म्हणजे फायलींच्या तपशिलाच्या नोंदी, कुठेकुठे विखुरलेले असतील आणि दर वेळी डोकं हलवायला १० मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्याच फायलींना आठ मिनिटांच्या वर. प्रत्यक्षात कर्नल बरंच काही आधीच वाचून ठेवतो, त्यामुळे एवढं वाईट सहसा होत नाही. पण आकडा कोणत्या दिशेने फुगतो ते कळतं. सीपीयू बदलून इथे काहीही साधत नाही.

आधी बघा, एलएस म्हणजे नक्की काय चालतंय

‘टाइप एलएस’ एवढं विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं की हे अलियस (टोपणनाव) आहे, खरी कमांड ‘एलएस --कलर=ऑटो’. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगच्या फायलीत, हे अलियस असतंच, शिवाय ‘एलएल’ नावाचं दुसरं असतं ज्यात -ए, -एल आणि कॅपिटल एफ असे तीन पर्याय एकत्र असतात. काही ऑफिसांत कोणीतरी एलएसच्या जागी एक्झा किंवा इझा ही पर्यायी कमांड बसवलेली असते, तिच्यात गिटची (कोडमधले बदल नोंदणाऱ्या प्रोग्रॅमची) स्थिती दाखवायचा पर्याय चालू असतो, आणि मग मोठ्या रेपॉझिटरीत प्रत्येक यादीसोबत गिटही आपलं काम करत बसतं.

अलियस टाळून मूळ कमांड चालवायची तर आधी उलटी तिरकी रेघ द्या, ‘\एलएस’. हे झटकन आलं आणि साधं एलएस अडकलं, तर अर्धा तपास तिथेच संपला.

आणखी एक शक्यता इथेच बाजूला काढावी. सीडी केल्याकेल्याच, म्हणजे डिरेक्टरी बदलताच, अडकायला होत असेल, तर दोष एलएसकडे नसून प्रॉम्प्टकडे (कमांडच्या आधी दिसणाऱ्या ओळीकडे) असू शकतो. शाखेचं नाव आणि बदलांची खूण दाखवणारे नटवे प्रॉम्प्ट दर एंटरला गिट चालवतात. प्रॉम्प्ट साधा करून बघायला अर्धं मिनिट लागतं.

मोजताना बसणारी गोम

वेळ मोजायची म्हणून लोक ‘टाइम एलएस’ करून आउटपुट /डेव्ह/नलकडे, म्हणजे आलेलं सगळं गिळून टाकणाऱ्या जागेकडे, वळवतात. उत्तर येतं शून्य पूर्णांक काहीतरी, आणि निष्कर्ष निघतो की एलएस ठीक आहे, टर्मिनलच मंद आहे. हा निष्कर्ष बहुधा चुकतो. ‘कलर=ऑटो’चा अर्थच असा की आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तरच रंग. ते वळवलं की रंग बंद, रंग बंद झाले की स्टॅट बंद. म्हणजे ज्याला मोजायचं तेच मोजमापातून गळलं. मोजताना ‘--कलर=ऑलवेज’ द्या, मग आउटपुट कुठेही वळवा.

त्यानंतर खरं हत्यार काढा, प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल नोंदवणारं एसट्रेस:

एसट्रेस -सी -डब्ल्यू एलएस --कलर=ऑलवेज > /डेव्ह/नल

-सी दिलं की कोणता सिस्टिम कॉल किती वेळा झाला याचा तक्ता मिळतो. -डब्ल्यू विसरू नका. त्याच्याशिवाय तक्त्यात फक्त कर्नलमध्ये खर्च झालेला सीपीयूचा वेळ दिसतो. नेटवर्ककडे डोळे लावून बसलेला वेळ त्यात येतच नाही, आणि आपल्याला तर तोच पाहिजे.

तक्ता वाचायचा कसा? स्टॅटएक्स, एलस्टॅट किंवा न्यूएफस्टॅटअॅट यांपैकी एकाचा आकडा फायलींच्या संख्येच्या जवळपास असेल, तर प्रत्येक फाइलमागे स्टॅट होतोय. गेटएक्सअॅटर किंवा एलगेटएक्सअॅटर मोठ्या संख्येने दिसले, तर एसीएल, एसईलिनक्स किंवा कॅपॅबिलिटी या जादा परवानग्यांची विचारपूस चाललीय. गेटडेंट्स६४ एकटाच वेळ खात असेल तर डिरेक्टरीच अवाढव्य आहे. आणि सॉकेट, कनेक्ट, पोल असे कॉल दिसले तर एलएस कुठल्यातरी सर्व्हिसशी बोलतंय. ते बहुतेक मालकाचं नाव शोधत असतं.

रंगांचं खाणं

साध्या एलएसला रंग जोडले की स्टॅट का लागतो? डिरेक्टरी निळी दाखवायला प्रकार पुरतो, तो फुकट मिळतो. पण एक्झिक्युटेबल फाइल हिरवी दाखवायची तर परवानग्या बघाव्या लागतात, आणि कोणती फाइल एक्झिक्युटेबल आहे हे आधी ठाऊक नसल्यामुळे एकूणएक साध्या फायलींच्या परवानग्या बघाव्या लागतात. पन्नास हजार सीएसव्ही, एकही चालवायची नाही, तरी पन्नास हजार स्टॅट. सेटयूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फायलींच्या रंगासाठी तेच. सर्वांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरींच्या रंगासाठी डिरेक्टरींचा स्टॅट. तुटलेली सिमलिंक लाल दाखवायची तर ती जिथे बोट दाखवते तिथवर जाऊन बघायचं. जुन्या आवृत्त्या कॅपॅबिलिटी असलेल्या फायलीही वेगळ्या रंगात दाखवत आणि त्यासाठी फाइलमागे आणखी एक कॉल करत. नव्या आवृत्त्यांनी ते मुळात बंद केलंय.

रंग पूर्ण काढून टाकायची गरज नाही. एलएस_कलर्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या शेवटी एवढं जोडा:

:ईएक्स=००:एसयू=००:एसजी=००:सीए=००

००चा अर्थ रंग नाही, आणि रंग नाही म्हटल्यावर एलएस त्यासाठी स्टॅटही करत नाही. डिरेक्टरी निळ्याच राहतात, डॉट-जीझेड वगैरे एक्स्टेन्शनचे रंगही राहतात, कारण त्यांना नावच पुरतं. हिरवा आणि सेटयूआयडीसारखे क्वचित दिसणारे रंग तेवढे जातात. डिरेक्टरीत सिमलिंकच जास्त असतील तर ओआर=००ही जोडा; उपडिरेक्टरी हजारोंनी असतील तर ओडब्ल्यू, टीडब्ल्यू आणि एसटी या तिन्हींना ००. माझ्या मते हा एक बदल सगळ्यात जास्त फायद्याचा आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

यासोबत कॅपिटल एफकडेही बघा. तो पर्याय एक्झिक्युटेबलच्या नावापुढे तारा लावतो, म्हणजे पुन्हा परवानग्या, पुन्हा स्टॅट. डिरेक्टरीपुढे तिरकी रेघ एवढंच हवं असेल तर -पी द्या, सिमलिंकचीही खूण हवी असेल तर ‘--फाइल-टाइप’. दोन्ही प्रकारावर भागवतात.

एक अपवाद. काही जुन्या एक्सएफएस पार्टिशनवर प्रकाराची माहिती डिरेक्टरीत साठवलेलीच नसते. ‘एक्सएफएस_इन्फो’ने बघा; एफटाइप=० दिसलं तर रंग कितीही छाटा, प्रकार कळण्यासाठी स्टॅट होणारच. ही गोष्ट नंतर बदलता येत नाही, पार्टिशन नव्याने फॉरमॅट करावं लागतं.

-एल दिल्यावरच अडकतंय

-एलला स्टॅट लागणारच, त्यात वाद नाही. पण वीस फायलींच्या डिरेक्टरीत -एल पाच सेकंद घेत असेल तर संशय नावांवर घ्या. फाइलवर मालक म्हणून फक्त एक आकडा असतो. त्या आकड्याचं नाव काढायला एलएस सिस्टिमला विचारतं आणि कंपनीत एलडीएपी किंवा अॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल, म्हणजे खाती मध्यवर्ती सर्व्हरवर असतील, तर हा प्रश्न एसएसएसडी या मध्यस्थ सर्व्हिसमार्फत दूरच्या सर्व्हरपर्यंत जातो. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे -एलऐवजी -एन. तेच सगळं दिसतं, फक्त नावांऐवजी आकडे. -एन झटपट आणि -एल मंद, तर निदान झालं.

मग बघायच्या दोन जागा. पहिली, ग्रुप. ग्रुपचं नाव विचारलं की उत्तरात त्याचे सगळे सभासदही येतात. ‘सर्व कर्मचारी’ छापाच्या हजारो लोकांच्या ग्रुपमध्ये नुसत्या नावासाठी अख्खी यादी ओढली जाते. एसएसएसडीच्या कॉन्फिगमध्ये इग्नोर_ग्रुप_मेंबर्स=ट्रू केलं की हे थांबतं. दुसरी जागा, बेवारस आकडे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं सर्व्हरवरून उडतं, त्याच्या फायली मात्र तशाच राहतात. रूट होऊन दुसऱ्या मशीनवरची टार फाइल उघडली तरी असे आकडे येतात. या आकड्याचं नाव कुठेच नसतं, आणि ‘नाही’ हे उत्तर एसएसएसडी मुळात फक्त १५ सेकंद लक्षात ठेवतं. सापडलेलं नाव मात्र ५,४०० सेकंद, म्हणजे दीड तास. त्यामुळे चहा पिऊन आलात की नसलेल्या माणसाची चौकशी पुन्हा पहिल्यापासून. त्या फायलींचा मालक चाऊन या कमांडने बदलणं हा सरळ उपाय.

क्रमवारी, आणि मराठी नावांची एक भानगड

एलएस मुळात नावं अक्षरक्रमाने लावतं. म्हणून शेवटचं नाव हाती येईपर्यंत पहिलंही छापत नाही. ‘एलएस | हेड’ केलं तरी आधी सगळं वाचून, लावून मगच दहा ओळी मिळतात. कॅपिटल यू दिलं की क्रमवारी बंद, आणि त्याच्या जोडीला -१ दिलं, म्हणजे एका ओळीला एक नाव, तर एलएस नाव मिळताच छापत जातं आणि मेमरीही साठवत नाही. लाखो फायलींच्या डिरेक्टरीत नुसतं डोकावायला ‘एलएस -यू१ | हेड’ यासारखं दुसरं काही नाही. संख्या हवी असेल तर ‘एलएस -एफ | डब्ल्यूसी -एल’, इथला एफ लहान. त्यात एकटिंब-दोनटिंबही मोजले जातात, तेव्हा दोन वजा करा. मॅकवर मात्र कॅपिटल यूचा अर्थ वेगळा आहे. तिथे लहान एफच वापरा.

क्रमवारी हवीच असेल तर लोकॅल, म्हणजे भाषेचं सेटिंग, बघा. ईएन_आयएन किंवा एमआर_आयएन लोकॅलमध्ये दोन नावांची तुलना भाषेच्या नियमांनी होते, ती साध्या बाइटच्या तुलनेपेक्षा महाग पडते. त्यावर जागोजागी मिळणारा सल्ला म्हणजे एलसी_ऑल=सी. इंग्रजी नावांसाठी तो चालतो. फायलींची नावं मराठीत असतील तर हा सल्ला मानताच यादीत ‘मराठी’ऐवजी डॉलरचं चिन्ह आणि पुढे \३४०\२४४\२५६ अशी आकड्यांची माळ दिसते, कारण सी लोकॅलला देवनागरी बाइट छापण्याजोगे वाटतच नाहीत. त्याऐवजी फक्त एलसी_कोलेट=सी द्या. तुलना स्वस्त होते, नावं वाचता येतात. एलसी_ऑल आधीच कुठे दिलेलं नाही ना, हे तेवढं बघा; ते असेल तर बाकीच्यांना कोणी विचारत नाही. बाइटच्या क्रमात ळ मात्र ह नंतर न येता ल च्या लगेच नंतर बसतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा तिथे आहे. यादी कोणाला दाखवायची असेल तर हे लक्षात असू द्या.

‘एलएस *.सीएसव्ही’ हा प्रकार मोठ्या डिरेक्टरीत टाळाच. ताऱ्याचा विस्तार शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) करतं, स्वतः क्रम लावतं, मग प्रत्येक नाव एलएसला वेगळं देतं आणि कमांडलाइनवर आलेल्या प्रत्येक नावाचा एलएस स्टॅट करतं. नावं फारच झाली तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ येऊन कमांड सुरूच होत नाही. ‘फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -नेम’ आणि अवतरणात नमुना, हे बिनत्रासाचं.

रिकामी झाली तरी फुगलेली

हा प्रकार माणसाला वेड लावतो. डिरेक्टरीत आता दहाच फायली आहेत आणि तरी एलएस रेंगाळतं. ‘एलएस -एलडी’ने त्या डिरेक्टरीचा स्वतःचा आकार बघा. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर छोट्या डिरेक्टरीचा आकार सहसा ४०९६ बाइट असतो. तिथे काही कोटींचा आकडा दिसला तर समजा, कधीकाळी इथे लाखो फायली होत्या. सेशन, मेलची रांग, थंबनेल, कॅशे, असलं काहीतरी. त्या पुसल्या तरी ईएक्सटी४ डिरेक्टरी आकसत नाही, आणि एलएसला ते रिकामे ब्लॉक शेवटपर्यंत वाचावेच लागतात. शेजारी नवी डिरेक्टरी करा, उरलेल्या फायली तिकडे हलवा, जुनी काढून नवीला जुनं नाव द्या. मालक आणि परवानग्या तशाच द्यायला विसरू नका. पार्टिशन अनमाउंट करणं शक्य असेल तर ‘ई२एफएससीके -एफ’सोबत कॅपिटल डी देऊनही डिरेक्टरी नीट बांधून मिळते.

नेटवर्कवरची डिस्क

एनएफएसवर (नेटवर्कवरून फायली पुरवणाऱ्या पद्धतीत) स्टॅट म्हणजे सर्व्हरकडे तपशिलाची एक विनंती, गेटअॅटर. लिनक्सचा क्लायंट मिळालेली माहिती थोडा वेळ जपून ठेवतो: फायलींसाठी ३ ते ६० सेकंद, डिरेक्टरींसाठी ३० ते ६०. ‘दुसऱ्यांदा लगेच येतं, थोड्या वेळाने पुन्हा अडकतं’ या तक्रारीमागे हेच आकडे असतात. फारशा न बदलणाऱ्या डेटासाठी माउंट करताना (डिस्क जोडताना) जपण्याचा काळ ठरवणारा अॅक्टाइमिओ वाढवा. आणि कोणी नोअॅक लावून ठेवलंय का तेही तपासा. ते असेल तर जपून ठेवणं बंदच.

आणखी एक खाच. त्याच मशीनवरून एखादा जॉब एनएफएसवर मोठी फाइल लिहीत असेल आणि तुम्ही तिथे -एल मारलं, तर फाइलचा खरा आकार आणि वेळ सांगता यावी म्हणून क्लायंट न लिहिलेला डेटा आधी सर्व्हरकडे ढकलतो, मग उत्तर देतो. गिगाबाइट ढकलायचे असतील तर एलएस तेवढा वेळ बसून राहतं. कोअरयुटिल्स ८.३२पासून एलएस स्टॅटएक्स वापरतं आणि लागेल तेवढंच विचारतं, त्यामुळे नुसत्या रंगीत यादीला हा फटका कमी बसतो. -एलला आकार आणि वेळ हवीच असते, तिथे सुटका नाही.

विंडोजवर डब्ल्यूएसएल२ वापरणाऱ्यांसाठी एवढंच: /एमएनटी/सी खालचं सगळं ९पी प्रोटोकॉलमधून येतं आणि तिथे प्रत्येक स्टॅट महाग. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम डिरेक्टरीत ठेवा.

कंट्रोल-सीलाही दाद देत नाही तेव्हा

हे मंदपणाचं प्रकरण नाही, हा मेलेला माउंट, म्हणजे जोडलेली पण उत्तर न देणारी डिस्क, आहे. दुसऱ्या टर्मिनलवर पीएस लावून बघा; प्रोसेसची स्थिती कॅपिटल डी असेल तर ती कर्नलमध्ये उत्तराची वाट पाहत अडकलीय. कर्नलच्या नोंदींत, म्हणजे डीमेसेजमध्ये, एनएफएस सर्व्हर उत्तर देत नसल्याची ओळही सापडते. इथे गंमत अशी की ज्या डिरेक्टरीत हा माउंट बसलाय तिथे ‘\एलएस’ व्यवस्थित चालतं, कारण ते नुसती नावं वाचतं. रंगीत एलएस मात्र त्या माउंटला स्टॅट करायला जातं आणि बुडतं. कोणता माउंट ते शोधायला डीएफ वापरू नका, तेही तिथेच अडकेल. ‘कॅट /प्रॉक/माउंट्स’ सुरक्षित. सर्व्हर परत येणार नसेल तर ‘यूमाउंट -एफ -एल’. हे टाळायला सॉफ्ट माउंट (ठरावीक वेळाने वाट पाहणं सोडणारा) सुचवणारे भेटतील. लिहिण्याचा डेटा असेल तर त्यांचं ऐकू नका, वेळ संपली की लिहिणं अर्धवट राहून डेटा बिघडू शकतो.

फक्त सकाळीच

रात्री बॅकअप किंवा अपडेटडीबी (फायली शोधायची सूची बनवणारा प्रोग्रॅम) चालतं, ते डिस्कवरची प्रत्येक फाइल चाळतं आणि तुमच्या रोजच्या डिरेक्टरीचे आयनोड मेमरीतून बाहेर पडतात. सकाळचा पहिला एलएस म्हणून थंड डिस्कवर जातो. व्हीएफएस_कॅशे_प्रेशर या कर्नलच्या सेटिंगची मूळ किंमत १०० असते. ती ५० केली तर कर्नल नावं आणि आयनोड जास्त धरून ठेवतो. ० कधीही करू नका, मेमरी संपून मशीन कोसळू शकतं. फरक पडला की नाही हे तपासायला सकाळची वाट बघायला नको: रूट होऊन ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा म्हणजे मेमरीत धरून ठेवलेलं निघून जातं, मग मोजा. चालत्या प्रॉडक्शन सर्व्हरवर हे करू नका, सगळ्यांचीच सकाळ होईल.

एवढं करूनही डिरेक्टरी वाढतच असेल तर ती लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला हात घालावा लागतो. गिट आपले ऑब्जेक्ट हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावाने २५६ उपडिरेक्टरींत वाटून ठेवतं. लॉग असतील तर तारखेची डिरेक्टरी पुरते: वर्ष, महिना, दिवस. जुन्या फायली हलवून झाल्या की ती फुगलेली मूळ डिरेक्टरीही नव्याने करून घ्या, नाहीतर दहा फायली आणि रेंगाळणारं एलएस तिथेच राहील.